डॉक्टर, बसले मस्त, पण उठताना हात लागला!

मागच्या अंकात मी सहज म्हणून एक खेळ दिला होता. अनवाणी उभं राहायचं, हात, गुडघा, कोपर काहीही न टेकवता जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि तसंच उठायचं. बसण्याचे ५ मार्क, उठण्याचे ५, जिथे टेकलात तिथे एक कापायचा, तोल गेला तर अर्धा. ब्राझीलच्या डॉ. क्लॉडिओ जिल अराउजो यांची ही टेस्ट, २०१२ साली त्यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांवरचा अभ्यास छापला, त्यात ज्यांचे मार्क कमी त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत दगावण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हे शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं असं आता वाटतंय, कारण बऱ्याच जणांनी ते भलतंच मनावर घेतलं, एक काका तर विचारतात की ३ मार्क पडले, मृत्युपत्र करून ठेवू का. काका, करून ठेवा, ते कधीही चांगलंच, पण या टेस्टसाठी नको! मार्क वाढवता येतात म्हणून तर खेळ दिला. मला स्वतःला साडेसात मिळाले, तेही कुणी बघत नसताना.

साताऱ्यात २७ वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून बसतेय, तर एक गोष्ट डोळ्यांसमोर बदलत गेली. पूर्वी घरात जेवण पाटावर, निवडणं-टिपणं खाली बसून, संडास भारतीय पद्धतीचा, म्हणजे दिवसातून वीस-पंचवीस वेळा उठबस आपोआप व्हायची. आता डायनिंग टेबल, सोफा, कमोड. सोय झाली, माझ्याही घरी आहे, पण ती उठबस कुठे गेली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. असो, पत्रांकडे येते.

मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. या टेस्टमध्ये त्याला ६ आणि त्याच्या आजोबांना ८! दिवसभर शाळा, क्लास आणि मोबाइल. सकाळी उठतच नाही, चिडचिड करतो. जिम लावू का? कराटे लावू का? – एक आई, नाशिक

ताई, आधी आजोबांना माझा नमस्कार सांगा.

‘लावू का’ हा शब्द जरा बाजूला ठेवू या. त्याला आधीच शाळा लावलीय, क्लास लावलाय, अजून एक काहीतरी लावलं की तेही होमवर्कच होणार. या वयात रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण तो तास सलग असायला हवा असं काही नाही. शाळेत सायकलने जाणं, संध्याकाळी बिल्डिंगखाली लंगडी, डबडा ऐसपैस, क्रिकेट, काहीही चालेल. फक्त सोबत दोन-तीन पोरं हवीत, एकटा मुलगा ग्राउंडवर चार दिवससुद्धा टिकत नाही. म्हणून माझा सल्ला असा की त्याला क्लास शोधू नका, त्याच्या मित्राच्या आईला फोन करा.

आता सकाळचं. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि वयात येताना शरीराचं घड्याळच थोडं पुढे सरकतं, म्हणजे रात्री लवकर झोपच येत नाही. तो आळशी नाहीये. पण अकराला झोप येणार होती ती मोबाइलमुळे एकला येते आणि सहाला क्लासची व्हॅन उभी, मग चिडचिड नाही होणार तर काय होणार! रात्री सगळ्यांचे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला ठेवा. सगळ्यांचे म्हणजे तुमचा आणि त्याच्या बाबांचापण, नाहीतर हा नियम आठवडाभरसुद्धा टिकणार नाही. एवढं करूनही मित्र तोडलेत, आवडीचे खेळ सोडलेत, जेवण बदललंय असं काही दोन आठवड्यांहून जास्त दिसलं, तर ‘वयच असतं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

वय २९, हिंजवडीत आयटीत आहे, एकटा राहतो. वजन ६४, उंची ५ फूट ७ इंच, सगळे म्हणतात तू तर सडपातळ. कंपनीच्या चेकअपमध्ये उपाशीपोटी शुगर ११२ आली. रिपोर्ट चुकला असेल का? जिमची वर्षाची फी भरलीय, सहा वेळा गेलो असेन. – एक वाचक, पुणे

तुला अरेतुरे करते, चालेल ना.

रिपोर्ट चुकलेला असू शकतो, पुन्हा एकदा कर आणि सोबत एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट) पण कर. पण ‘मी सडपातळ आहे म्हणून चुकला असेल’ हे काही पटणारं नाही. तुझ्याच पुण्यातली गोष्ट सांगते. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी आपला दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या मेडिकल जर्नलमध्ये छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३, म्हणजे तुझ्यासारखाच एकदम नॉर्मल. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आणि खाली मिश्कीलपणे असंही लिहिलं की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती गाठणं. आपली भारतीय शरीरं अशीच असतात, हातपाय काटकुळे आणि पोटात चरबी, वजनकाट्याला ते कळत नाही. बेंबीच्या लेव्हलला टेप लावून बघ, पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही आपल्याकडची लाल रेघ.

१०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, अजून डायबेटिस नाही. इथून मागे फिरता येतं आणि तुझ्या वयात तर छानच फिरता येतं. जेवणातून आलेली साखर सगळ्यात जास्त कोण उचलतं तर स्नायू. स्नायू कमी आणि तेही खुर्चीवर बसलेले, तर ती साखर जाणार कुठे? म्हणून तुला नुसतं चालणं पुरणार नाही, स्नायूंवर लोड पाहिजे, आठवड्यातून दोनदा तरी. जिमला जातोस तर उत्तमच, नाही जात तर बैठका मार की रूमवर! माझे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले, तिथे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार कंपल्सरी केले होते, आजोबा सत्तरीपर्यंत रोज घालत आले, त्यांच्याकडे ना ट्रॅकसूट होता ना मेंबरशिप. तू १० बैठकांनी सुरू कर, भिंतीवर जोर काढ, मग टेबलावर, मग जमिनीवर. पाण्याचा पाच लिटरचा कॅन दोन्ही हातांत घेऊन जिना चढ. दर आठवड्याला थोडं वाढव. आणि जेवल्यावर १०–१५ मिनिटं शतपावली, कॉल चालू असला तरी कॅमेरा बंद करून चालता येतं, मला माहितीये तुम्ही सगळे तसेच बसता.

खाण्याचं एकच बघ. किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन ही आपल्या आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस, म्हणजे तुला ५३ ग्रॅमच्या आसपास. सकाळी पोहे, दुपारी मेसची पातळ आमटी आणि भात, रात्री मागवलेलं काहीतरी, यात ते भरत नाही. पोह्यांवरचे चार शेंगदाणे म्हणजे प्रोटीन नव्हे. दोन अंडी घाल (१२–१३ ग्रॅम), किंवा मोड आलेली मटकी, ताक, मूठभर शेंगदाणे, हरभरे. पावडरच्या डब्याला हात लावायच्या आधी हे कर. तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट, आणि घरी आईला रिपोर्ट सांग, लपवू नकोस, ती लाडू पाठवायचं बंद करणार नाही पण छोटे वळेल.

बायकोच्या डिलिव्हरीला चार महिने झाले. ती बाळाचं सगळं करते पण हसत नाही, बाळ झोपलं तरी ही जागीच. परवा म्हणाली, मी चांगली आई नाहीये, तुम्ही दोघं माझ्याशिवाय बरे राहाल. आई म्हणते, आम्ही काय पोरं जन्माला घातली नाहीत का. मला कळत नाहीये काय करू. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

तुमच्या पत्राला मी संपादकांकडून नंबर घेऊन आधीच उत्तर दिलंय, अंकाची वाट बघण्यासारखं ते नव्हतं. इथे छापतेय ते इतर घरांसाठी.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, मन भरून येणं बऱ्याच बायकांना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. चार महिन्यांनी हे चालू असेल, बाळ झोपलेलं असूनही झोप येत नसेल, तर हा नाजूकपणा नाही आणि नखरे तर नाहीतच, हे डिप्रेशन आहे असं धरून चालायचं आणि सायकियाट्रिस्टना दाखवायचं. आणि ‘माझ्याशिवाय बरे राहाल’ हे वाक्य कानावर पडलं की त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. तोपर्यंत तिला एकटं ठेवायचं नाही आणि सरळ विचारायचं, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने डोक्यात भरतं असं नसतं, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बायका मोकळ्या होतात. अंगावर पाजत असताना घेता येतील अशा गोळ्या आहेत, ते डॉक्टर ठरवतात. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घ्यायचं, त्यांचापण यात हात असतो. रात्री-बेरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेली मानस ही मनाच्या आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलतात.

नवऱ्याने काय करायचं? रात्रीचं एक पाजणं सोडून बाकीचं सगळं आपल्याकडे घ्यायचं, बाळ फिरवायचं, ढेकर काढायचा, दुपटी बदलायची, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळते. डिंकाचे लाडू द्या, शेक-शेगडी करा, पण ही झोप त्याच्या आधी. आणि तुमच्या आईंना म्हणावं, तुम्ही पोरं जन्माला घातलीत तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं ते एकदा सांगा की. अशी एक सासू माझ्यासमोर बसून ढसाढसा रडली होती, तीस वर्षांनी.

वय ४८, शिक्षिका. पाळी पुढे-मागे होतेय, अंगातून वाफा निघतात, रात्री तीनला जाग येते, वर्गात पोरांवर उगाच ओरडते. मैत्रीण म्हणते योगा कर. – एक वाचक, रत्नागिरी

योगा करा, पण आधी गायनॅककडे जा. हे पाळी जाण्याच्या आधीचे दिवस आहेत, काही वर्षंही चालतात, आणि यावर उपचार आहेत, हॉर्मोनचेही आणि बिनहॉर्मोनचेही, तुम्हाला कुठला योग्य ते तपासून ठरतं, सोसत बसायची गरज नाही. रक्तस्राव खूप होत असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसला, तर लगेच दाखवायचं. आता हाडं झपाट्याने झिजायला लागतात म्हणून चालण्याच्या जोडीला वजन उचलायला शिका. दुपारी तीननंतरचा चहा बंद करून बघा, हे मी जरा घाबरतच लिहितेय. आणि वर्गात एकदा सांगून टाका की मला हल्ली झोप कमी होते, पोरं समजूतदार असतात, आपल्यापेक्षा जास्तच.

वय ६१, बँकेतून निवृत्त. रोज १२ हजार पावलं चालतो, घड्याळात रेकॉर्ड आहे, एक दिवस खाडा नाही. तरी तुमच्या टेस्टमध्ये ३ मार्क! गुडघे दुखतात. पावलं वाढवू का? बाकी ठीक. दुपार जात नाही. – एक वाचक, सोलापूर

मृत्युपत्रवाले काका ते हेच. पावलं वाढवू नका. दहा हजारचा आकडा काही शास्त्रातून आलेला नाही, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर, नाव चाललं आणि आकडा आपल्या सगळ्यांच्या मनगटावर येऊन बसला. साठीनंतर सहा ते आठ हजार पावलांपर्यंत आयुष्याचा बहुतेक फायदा पदरात पडतो असं पुढच्या अभ्यासांत दिसलंय. तुम्ही हप्ता भरून झाल्यावरही भरतच राहिलाय, बँकेतल्या माणसाला हे सांगायला नको.

पाय चालतात पण मांड्या कमजोर झाल्यात, म्हणून गुडघ्यावर भार येतो आणि उठता येत नाही. हात छातीवर घडी करा, साध्या लाकडी खुर्चीवर बसा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. तुमच्या वयाच्या पुरुषाला १४ तरी यायला हवेत. कमी आले तर तीच टेस्ट हाच व्यायाम, दिवसातून दोनदा, आठ-आठ वेळा, सावकाश, बसताना धपकन पडायचं नाही. पावलं आठ हजारांवर आणा, उरलेला वेळ याला द्या. गुडघा सुजला असेल, गरम लागत असेल तर आधी दाखवून या.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी जे तीन शब्द लिहिलेत. काका, १२ हजार पावलांवर तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि दुपारीवर तीन शब्द, आणि मला वाटतं की पत्र त्या तीन शब्दांसाठीच लिहिलंय. माझ्याकडे निवृत्त पुरुष येतात ते कधीच ‘मन लागत नाही’ म्हणत नाहीत, ते म्हणतात ॲसिडिटी होतेय, झोप नाही, छातीत धडधडतं, बीपी बघा. बीपी नॉर्मल असतं. मग मी पाच मिनिटं काहीच बोलत नाही, बीपीचा पट्टा हळूहळू गुंडाळत बसते, आणि त्या पाच मिनिटांत बहुतेक जण खरं बोलतात. पस्तीस वर्षं लोक ‘साहेब, एक सही’ म्हणून टेबलाशी यायचे, आता दुपारी दोन वाजता दाराची बेल वाजते ती कुरिअरची, तीही सुनेच्या नावाची.

दोन आठवडे सलग कशातच गोडी वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, संध्याकाळचा एक पेग दोनावर गेला असेल (बरेच जण हे लिहीत नाहीत), तर डॉक्टरांशी बोला, उपचाराने हे बरं होतं. तेवढं नसेल तर दुपारला काम द्या. छंद म्हणत नाहीये मी, काम, जिथे तुम्ही नाही गेलात तर कुणाचं तरी अडेल. तुमच्या गल्लीत बचत गट असेलच, त्यांना वह्या तपासणारा माणूस सोन्यासारखा वाटतो. माझ्या एका पेशंटने वाचनालयात दुपारची वेळ घेतली, पुस्तकं देणं-घेणं, पैसे शून्य, पण कुलपाची किल्ली त्याच्याकडे, आणि किल्ली असली की माणूस दाढी करून बाहेर पडतो. चालायलाही एकटे जाऊ नका, घड्याळ घरी ठेवा आणि कुणालातरी सोबत घ्या, जरा हळू चालणारा शोधा म्हणजे गप्पा होतील.

माझं वय ७८. तुमचा खेळ करू की नको? मुलगा म्हणतो, आई तू खाली बसूच नकोस, पडशील. दोन वर्षं झाली, मी जमिनीवर बसले नाही. पणतीला सागरगोटे शिकवायचे आहेत, ते काही खुर्चीवर बसून येत नाहीत. – एक आजी, वाई

आजी, मार्कांचा खेळ तुम्ही करू नका, पण खाली बसायला मात्र पुन्हा शिकायचं. तुमच्या मुलाची काळजी खरी आहे, माझी आई न्हाणीघरात पडली तेव्हा तिला फारसं लागलंच नव्हतं, पण उठता आलं नाही म्हणून दीड तास तशीच ओल्या फरशीवर होती, दार आतून बंद. तेव्हापासून मला पडण्यापेक्षा उठता न येण्याची भीती जास्त वाटते. आणि खाली बसणं सोडलं की उठायची ताकद आणखीच जाते, म्हणजे मुलगा ज्याला घाबरतोय तेच होतं.

आधी डॉक्टरांना विचारून या. खुबा किंवा गुडघा बदललेला असेल, हाडं फार ठिसूळ असतील तर हे परस्पर करायचं नाही. झोपेची आणि बीपीची गोळी त्यांना दाखवा, झोपून उठल्यावर गरगरतं का ते सांगा, मोतीबिंदू पिकलाय का बघा. घरात सुटी सतरंजी, गुळगुळीत सपाता आणि रात्रीचा अंधार, हे तिन्ही काढून टाकायला मुलाला सांगा, त्याच्या काळजीला कामाला लावा.

मग महिनाभर खुर्चीवरून उठबस, हात टेकून चालेल, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, दूध तापेपर्यंत. ३० सेकंदांत १० वेळा उठता आलं की पुढची पायरी. पलंगाशेजारी चटई, जड खुर्ची भिंतीला टेकवलेली, मुलगा समोर. खाली बसा. उठताना सरळ उठायचा प्रयत्नच करायचा नाही, एका कुशीवर वळायचं, तिथून हाता-गुडघ्यांवर यायचं, लहान मुलांसाठी घोडा होतो ना तसं, खुर्चीपर्यंत रांगत जायचं, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, चांगला पाय पुढे, आणि जोर लावून वर. वर आल्यावर लगेच चालायला लागायचं नाही, खुर्चीवर टेकून दोन श्वास घ्यायचे. पहिल्या दिवशी एकदाच.

सागरगोट्यांचं पत्र लिहून कळवा मात्र, पणतीने पहिला डाव कितव्या दिवशी जिंकला ते. आणि मुद्दाम हरू नका.